गिटार आणि पेडल स्टील एकाच अंगात बसवायचं म्हटलं तर?

सहावी_तार

मंडळी, बरेच दिवस डोक्यात एक किडा वळवळतोय, तो इथे सोडतोय म्हणजे निदान मला झोप तरी लागेल. मला एक वाद्य बनवायचंय. वर नेहमीची सहा तारांची इलेक्ट्रिक गिटार, खाली स्टील, आणि तेही पेडलवालं, सगळं एकाच लाकडात. गाणं चालू असताना गिटार काढा, स्टँडला लावा, स्टीलपाशी जाऊन बसा, परत उठा, ही भानगडच नको.

ज्यांनी पेडल स्टील बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलासारखं पायांवर उभं असतं, बहुतेक वेळा दहा तारा, फ्रेट (मानेवरच्या आडव्या पट्ट्या) नुसते रंगवलेले कारण तार खाली दाबायचीच नसते, डाव्या हातात लोखंडी बार (तो तारांवर टेकवून सरकवायचा), उजव्या अंगठ्याला नि दोन बोटांना पिक. डावा पाय पेडलच्या रांगेवर, उजवा पाय आवाजाच्या पेडलवर, आणि शिवाय गुडघ्यांनी ढकलायच्या लिव्हर. पेडल दाबलं की ठरलेल्या तारा ठरलेल्या अंतराने चढतात. अमेरिकन कंट्री गाण्यात मागे ते रडवेलं, हेलकावे घेणारं काहीतरी चालू असतं ना, ते हे.

असं जोडवाद्य आधी कुणी केलंय का म्हणून शोधायला गेलो तर पहिलं नाव येतं ज्युनियर ब्राऊन. हा बाबा मूळचा पेडल स्टील पण वाजवणारा, गिटारपण तितकीच तयारीची, आणि कार्यक्रमात दोन्हींच्या मधे उड्या मारून कंटाळलेला. १९८५ मध्ये टेक्सासच्या मायकल स्टीव्हन्स या कारागिराच्या मदतीने त्याने दोन नेकचं, म्हणजे दोन मानांचं, वाद्य करून घेतलं, वर गिटार खाली लॅप स्टील (मांडीवर घेऊन वाजवायचं बिनपेडलचं स्टील), नाव ठेवलं गिट-स्टील. पहिल्याचं लाडाचं नाव ओल्ड येलर, त्याला वरचा नेक लावला तो ब्राऊनच्याच जुन्या फेंडर बुलेट गिटारीचा काढून. नंतर दुसरं केलं ते बिग रेड. आणि हा स्टीव्हन्स म्हणजे साधासुधा सुतार नव्हे, १९८७ मध्ये फेंडर या गिटार कंपनीचं कस्टम शॉप (खास ऑर्डरची वाद्यं बनवणारा विभाग) सुरू करणाऱ्या दोघांतला एक.

पण त्यात पेडल नाहीत! खाली साधं लॅप स्टील आहे. म्हणून मला वाटलं की पुढची पायरी आपण चढावी. मी टूलरूममध्ये काम करतो, लेथ-मिलिंग हाताशी आहे, धातूकामाची भीती नाही. लाकूडकाम मात्र बेताचंच. कुणाला काय वाटतं?

चहाबिस्किट

मला वाटतं घरच्यांना आधी सांगा, मग आम्हाला. बाकी धागा भारी, खुर्ची टाकून बसलोय.

हिल_कंट्रीतला_कोकण्या

अरे वा, हा विषय मराठीत वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मी ऑस्टिनला असतो आणि ज्युनियर ब्राऊनला प्रत्यक्ष बघितलंय. इथल्या कॉन्टिनेंटल क्लबात त्याचा वर्षानुवर्षांचा रतीब होता, मी बघितला तो बऱ्याच नंतरचा कार्यक्रम. डोक्यावर मोठी काऊबॉय हॅट, अंगात कोट, आणि वाद्य गळ्यात अडकवलेलं नाही बरं का. समोर एक छोटा स्टँड, त्यावर वाद्य टेकवलेलं, हा मागे उभा. लोक फोटो बघून समजतात की पट्ट्यावर आहे.

मला जे सगळ्यात आवडलं ते म्हणजे बार कुठे ठेवतो ते. वरच्या अंगाला लाकडातच एक खोबण केलीय. गिटारीवर धडाधड एक ओळ वाजवतो, शेवटच्या स्वराची तार वाजत असतानाच हात खोबणीत, बार बाहेर, आणि पुढची ओळ स्टीलवर. मधे फट नाही. मी पहिल्यांदा बघताना मला कळलंच नाही की नेक कधी बदलला, कान म्हणाला स्टील, डोळे अजून वरच होते. म्हणजे त्या वाद्याचा खरा शोध दोन नेक जोडणं हा नाहीच, दुसऱ्या नेकवर जायला लागणारा वेळ मारणं हा आहे. दोन नेकच्या गिटारी तर त्याच्या आधीपासून होत्या की.

तो मुलाखतीत सांगतो की ही कल्पना त्याला स्वप्नात सुचली, दोन्ही वाद्यं वितळून एक झालेली दिसली. ते खरं-खोटं त्याचं त्याला माहीत.

मंद्रसप्तक

धागाकर्त्याच्या उत्साहाला माझा नमस्कार, पण एक विचारतो, राग मानू नका. पेडल हवंच कशाला? बार हातात आहे, तार समोर आहे, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घ्यायला आणखी यंत्र कशाला पाहिजे? आपल्याकडे ब्रिजभूषण काब्रांनी मांडीवर आडवी गिटार घेऊन अलीअकबर खाँसाहेबांकडून घेतलेली तालीम त्यावर उतरवली. १९६७ ची शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि काब्रा या तिघांची कॉल ऑफ द व्हॅली ऐकली नसेल असं घर आमच्या पिढीत कमी. त्यात कुठं पेडल आहे? पुढे विश्वमोहन भट्टांची मोहन वीणा, अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबरच्या ध्वनिमुद्रिकेला १९९४ चं ग्रॅमी मिळालं. काब्रांचेच शिष्य देबाशिष भट्टाचार्य, त्यांची वीसहून जास्त तारांची चतुरंगी, चौदा तारांची गांधर्वी, आणि युकुलेलेसारखी चार तारांची छोटी आनंदी. संकरित वाद्य करायचं असेल तर हा रस्ता आपला आहे. तुम्ही टेक्सासला कुठे निघालात?

सहावी_तार

@मंद्रसप्तक काका, राग कसला. पण तुमचा प्रश्न मी उलटा करतो: बारने मींड एवढी सुंदर होत असताना अमेरिकेतल्या लोकांना पेडल शोधावंसं का वाटलं? त्यांच्याकडेही बार होताच, हवाईहूनच आलेला.

कारण बार सरळ आहे. बार सरकवला की त्याखालच्या सगळ्या तारा एकाच मापाने सरकतात. एका तारेवर मींड घ्यायची तर प्रश्नच नाही. पण तीन तारा एकदम वाजतायत आणि त्यातल्या एकीनेच हलायचंय, बाकीच्या दोघींनी जागेवर राहायचंय, तर बार काय करणार? तिरका धरता येतो पण थोडाच.

पेडल स्टीलचं नेहमीचं ई-नाईन ट्यूनिंग घ्या. तिसरी, चौथी, पाचवी तार म्हणजे आपल्या भाषेत ग, सा, प. आता पहिली दोन पेडल एकदम दाबली की प चा ध होतो, ग चा शुद्ध म होतो, आणि सा हलत नाही. डोळे मिटून कल्पना करा: सा तसाच घुमतोय आणि त्याच्या अंगाखांद्यावरून दोन स्वर वेगवेगळ्या मापाने वर चाललेत, एक पूर्ण स्वराने, दुसरा अर्ध्याच. हे जगातल्या कुठल्याही बारने होणार नाही. १९५४ मध्ये वेब पिअर्सचं स्लोली गाजलं, त्यात बड आयझॅक्सने हेच केलं, तार वाजत असताना पेडल दाबलं. पेडल त्याच्या आधीही होती, गिब्सनचं इलेक्ट्राहार्प १९४० च्या आसपास बाजारात होतं, पण लोक ती पटकन ट्यूनिंग बदलायला वापरत. आयझॅक्सने ते बदलणंच ऐकवलं. त्यानंतर म्हणे नॅशविलमधल्या स्टीलवाल्यांनी पेडल बसवायला रांगाच लावल्या.

मंद्रसप्तक

हे ग-सा-प चं उदाहरण चांगलं दिलंत. म्हणजे पेडल हा कॉर्डच्या (एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्याच्या) गरजेतून आलेला प्रकार, असं म्हणा की. मग आमच्या लोकांनी तो घेतला नाही हेही बरोबरच. एक सुरावट चालवायची, मागे सा-प धरून ठेवायचा, त्याला बार पुरतो.

मिरजेचा_जवारीवाला

+१ काका. आणि ह्याचीच दुसरी बाजू सांगतो. आमच्याकडे सतार-तंबोऱ्याची कामं बघत मोठा झालोय (त्याला आता २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मिरजेचं नाव कागदावर आलं एकदाचं). गिटारीला तरफेच्या तारा (न छेडता आपोआप झंकारणाऱ्या) लावून द्या म्हणणारी मंडळी येतात अधूनमधून. तरफ रागाच्या स्वरांत मिळवायची असते. तास दीड तास तोच राग, म्हणून ती बोलते. आता धागाकर्त्याने पेडल दाबून कॉर्ड बदलली की खालची तरफ गेली चुलीत, निम्म्या तारा बोलणार नाहीत आणि निम्म्या भलतंच बोलणार. म्हणजे तरफ आणि पेडल एका घरात नांदणार नाहीत. भट्टांनी, भट्टाचार्यांनी तरफ घेतली, तिकडच्यांनी पेडल घेतलं. दोन्ही बरोबर, पण सहावी_तार भाऊ, तुम्ही दोन्ही लावायच्या फंदात पडू नका एवढं ऐका माझं.

सहावी_तार

नाही हो, तरफेचा विचारही नव्हता. आता तुम्ही म्हणालात म्हणून आला, तो पण काढून टाकतो.

रियाझ_चुकवणारी

मी लहानपणी दादरला हवाईयन गिटारच्या क्लासला जायचे. तेव्हा निम्म्या क्लासला सुनील गांगुलींच्या रेकॉर्डसारखं सिनेमाचं गाणं वाजवायचं असायचं आणि सर म्हणायचे आधी बार सरळ धरा मग बघू. व्हॅन शिप्लेंच्या रेकॉर्डही घरात होत्या, ते व्हायोलिन आणि इलेक्ट्रिक गिटार दोन्ही वाजवायचे. हवाईहून हे वाद्य आपल्याकडे आलं त्यात टाऊ मो हे मोठं नाव, १९२९ ला भारतात आले आणि चाळीसच्या दशकात कलकत्त्याला राहून कितीतरी जणांना शिकवून गेले. म्हणून तर बंगालात हे वाद्य इतकं रुजलं.

माझा प्रश्न साधा आहे. दोन नेक कशाला? एकाच नेकवर वरची बाजू फ्रेटची आणि तारा जरा उंच केल्या की झालं स्टील, असं का नाही चालत? आमच्या क्लासमधल्या निम्म्या गिटारी साध्या स्पॅनिशच होत्या, नटवर (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या खाचांच्या तुकड्यावर) एक लोखंडी पट्टी चढवून तारा उचललेल्या.

यंत्रयोगी

ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. पट्टी चढवली की ती स्पॅनिश राहत नाही. बोटाने दाबायच्या गिटारीत बाराव्या फ्रेटवर तार दीड-दोन मिलिमीटर उंच असते. बारसाठी किमान सात-आठ तरी लागतात, नाहीतर बार फ्रेटवर खडखडतो. तार आठ मिलिमीटर उंच ठेवून दाबून बघा, बोटं तर जातीलच, स्वरही चढा येईल कारण दाबताना तार ताणली जाते. बाटलीच्या नळीवाले स्लाईड वादक मधली उंची ठेवतात, पण ते हलक्या हाताचं काम आहे, जड बारचं नाही. म्हणून ब्राऊनने दोन नेक घेतले ते बरोबरच.

आता धागाकर्त्याला थोडं गणित देतो. गिटारीची दुसरी तार, ०.०१३ इंची, बी ला मिळवली की ताण साधारण ७ किलो. एक पूर्ण स्वर चढवायचा म्हणजे कंपनसंख्या १.१२ पट आणि ताण त्याच्या वर्गाने, म्हणजे १.२६ पट, जवळपास ८.८ किलो. एवढ्यासाठी तार किती ओढावी लागते? पोलाद ताठ आहे, जेमतेम पाऊण मिलिमीटर! ऐकायला सोपं वाटतं ना, तिथेच गोम आहे. पाऊण मिलिमीटरमध्ये २०० सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर) बसलेत. तुमची यंत्रणा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याने चुकली की पंचवीसेक सेंट गेले, म्हणजे एक प्रमाणश्रुती (आपल्या संगीतातलं स्वरांमधलं बारीक अंतर) गेली आणि वर थोडं गेलं. नटच्या खाचेत तार किंचित अडकली, परत यायला कुरकुरली, की बेसूर. म्हणून पेडल स्टीलला नटच्या जागी फिरणाऱ्या छोट्या रोलर असतात. तुमची साधी हाडाची किंवा प्लास्टिकची खाच इथे चालणार नाही.

सहावी_तार

हे सोनं दिलंत. पाच पट लिव्हर आणि बारीक आट्याचा स्टॉप स्क्रू धरला तर? म्हणजे एम-फोरचा आटा ०.७ चा, पाचाने भागला तर तारेपाशी एका फेऱ्याला ०.१४ मिमी. पाव फेरा म्हणजे नऊ-दहा सेंट. अॅलन कीने नीट लावता येईल की.

यंत्रयोगी

येईल. लॉकनट विसरू नका, पायाच्या दणक्याने स्क्रू फिरतात. आणि दुसरं दुखणं आधीच सांगून ठेवतो: एक तार ओढली की ताण वाढतो, लाकूड किंचित वाकतं आणि बाकीच्या न ओढलेल्या तारा उतरतात. पेडल स्टीलवाले याला कॅबिनेट ड्रॉप म्हणतात, अॅल्युमिनियमचा सांगाडा, जाड लाकूड घालूनही तो थोडा राहतोच. तुमच्या वाद्यात दोन नेक एका पाटावर असतील, म्हणजे खाली पेडल दाबलं की वरची गिटारही हलकी उतरेल. स्प्रिंगवाला ट्रेमोलो ब्रिज (दांडीने सगळ्या तारा हलवणारा) तर अजिबात लावू नका, तो लावलात तर एक तार चढेल नि पाच उतरतील.

हिल_कंट्रीतला_कोकण्या

पेडलच्या ऐवजी दुसऱ्या वाटेने गेलेले लोक पण बघा, बी-बेंडरवाले. साठच्या दशकाची अखेर, क्लॅरेन्स व्हाईट गिटारवाला आणि जीन पार्सन्स, जो ड्रमर आणि वर चांगला यंत्रकाम जाणणारा. दोघंही १९६८ मध्ये बर्ड्स या अमेरिकन बँडमध्ये गेले. व्हाईटला वरच्या फ्रेटवर कॉर्ड धरून असताना नटच्या मागे तार दाबून स्वर चढवायचा होता पण हात पुरेना, मग म्हणे पार्सन्सने शेजारी उभं राहून तिसऱ्या हातासारखी ती तार दाबून दिली. त्यातून विचार निघाला की यंत्रच करू. पार्सन्सच्या डोक्यात पेडल आणि केबल पण येऊन गेलं होतं, पण व्हाईटला गिटार गिटारसारखीच हवी होती, पायाखाली काही नको. शेवटी काय केलं, तर खांद्याचा पट्टाच लिव्हरला जोडला! गिटारीचा नेक खाली ढकलायचा, पट्टा वर ओढला जातो, आत लिव्हर फिरते, बी ची तार पूर्ण स्वराने चढून सी शार्प. त्यासाठी व्हाईटच्या टेलिकास्टर गिटारीच्या मागे आणखी एक लाकडाचा थर चढवावा लागला, वाद्य चांगलंच जाडजूड झालं. व्हाईट बिचारा १९७३ ला अपघातात गेला, तिशी पण गाठली नव्हती. ती गिटार आता मार्टी स्टुअर्टकडे आहे.

ऐकायला सोपी जागा सांगतो. ए ची कॉर्ड धरा, बी ची तार मोकळी सोडा. म्हणजे सा-प-सा वर रे लागतोय. आता नेक दाबा, रे हळूच ग वर जातो, बाकी कॉर्ड तशीच. अगदी स्टीलचा भास.

चहाबिस्किट

म्हणजे पट्टा ओढला की स्वर चढतो. लोकलमध्ये उभं राहून वाजवणाऱ्याने काय करायचं, गर्दीत प्रत्येक धक्क्याला रे चा ग.

सहावी_तार

😂

पण कोकण्याभाऊ, यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. प्रत्येकाने काहीतरी सोडलंय. ब्राऊनने पेडल सोडली, बार ठेवला. व्हाईट-पार्सन्सनी बार सोडला, चढती तार ठेवली. आपल्याकडच्यांनी कॉर्ड सोडली. आणि मी मात्र ताटात सगळंच वाढून घ्यायला निघालोय.

यंत्रयोगी

मग आता मी विचारतो तो प्रश्न इतका साधा आहे की कुणी विचारला नाही. तुम्ही उभं राहून वाजवणार ना?

सहावी_तार

हो, म्हणून तर स्टँड.

यंत्रयोगी

डावा पाय पेडलवर. उजवा पाय आवाजाच्या पेडलवर. मग उभे कशावर राहणार?

चहाबिस्किट

मेलो 😂😂 धागा इथेच संपला असं जाहीर करतो.

रियाझ_चुकवणारी

उंच स्टूल घेऊन बसायचं की. तंबोऱ्यावाले नाही का बसत तासनतास.

सहावी_तार

ताई तोच विचार केला, कागदावर काढूनही बघितलं. पेडल स्टील मांडीच्या वर सपाट लागतं, गुडघे त्याच्या खाली जायला हवेत. त्याच पाटावर वर गिटारीचा नेक असेल तर तो छातीशी आणि तिरका यायला हवा, नाहीतर डाव्या हाताचं मनगट मोडतं. सपाट केलं तर गिटार वाजत नाही, तिरकं केलं तर बार घसरतो आणि पेडलच्या सळया वाकड्या लागतात. ब्राऊनचं वाद्य मधल्या कोनात आहे म्हणून चालतं, कारण त्याच्याखाली सळयाच नाहीत. आत्ता कळतंय की त्याने पेडल विसरले नव्हते, मुद्दाम टाकले होते.

मंद्रसप्तक

आता तुम्ही माझ्या बाजूला आलात.

सहावी_तार

अर्धाच, काका. ग-सा-प चा म-सा-ध मला हवाच आहे, त्यावर तडजोड नाही. फक्त पाय काढतो. सळयांच्या ऐवजी तळहाताने दाबायच्या लिव्हर. स्टीलच्या ब्रिजपाशी दोन लिव्हर, उजव्या तळहाताच्या कडेने दाबता येतील अशा, बिगस्बीच्या पाम पेडलसारख्या. एकीने प चा ध, दुसरीने ग चा म, दोन्ही एकदम दाबल्या की पूर्ण बदल. बारा-पंधरा सेंटिमीटरच्या आत सगळी यंत्रणा बसते, लाकडात आरपार सळया नकोत. उजवा पाय मोकळा, आवाजाच्या पेडलला. डावा पाय उभं राहायला.

यंत्रयोगी

हे जमेल. पायाचा जोर हाताला नसतो, म्हणून लिव्हरची लांबी वाढवा, पाच पटाऐवजी आठ पटापर्यंत न्या. तरी प ची तार जड असेल तर बोटं पिक करत असताना तळहात दाबायचा म्हणजे सवयच लावावी लागेल. आणि उजवा तळहात एरवी नको असलेल्या तारा बंद करायला लागतो, ते काम करताना चुकून लिव्हर दाबली जाणार नाही एवढी उंची ठेवा.

रियाझ_चुकवणारी

एक शंका. स्टील कानाने मिळवतात आणि गिटारीला फ्रेट. दोन्हींचा गंधार एक येईल का? आमच्या सरांचा यावरून फार वाद व्हायचा की-बोर्डवाल्यांशी.

मंद्रसप्तक

वा! हा खरा प्रश्न. तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप उमटतो तो पेटीच्या गंधाराहून जवळपास १४ सेंट उतरलेला असतो. फ्रेटची गिटार म्हणजे पेटीच.

सहावी_तार

आणि गंमत म्हणजे पेडल स्टीलवालेही नेमकं तेच करतात, ग ची तार मुद्दाम उतरून मिळवतात, कारण सरळ ट्यूनरवर ठेवली की कॉर्ड कर्कश लागते. हिंदुस्थानी संगीताशी काही संबंध नाही त्यांचा, कानाने तिथे पोचले. आता माझ्या एकाच वाद्यात वरचा नेक पेटीच्या गंधाराचा आणि खालचा तंबोऱ्याच्या गंधाराचा. वरून ओळ सुरू करून खाली संपवली तर ग दोनदा वेगळा ऐकू येईल.

मंद्रसप्तक

येऊ दे की. गायकसुद्धा आरोहात आणि अवरोहात तोच स्वर जागचे जागी लावतो का? दोन्हीचा ग उतरवून किंवा चढवून सारखा करायला गेलात तर एक नेक तरी बेसूर होईल. त्यापेक्षा ज्याचा जो आहे तो ठेवा. बार हातात असताना तुम्ही हवा तिथे थांबू शकताच, फ्रेटशी जुळवायचं असेल तेव्हा केसभर पुढे सरका.

यंत्रयोगी

पण लिव्हरने चढवलेला म आणि ध मात्र स्टॉप स्क्रूवर ठरणार, ते आधी कानाने ठरवा मग घट्ट करा. ट्यूनरवर बघून लावलेत तर काका तुम्हाला वाळीत टाकतील.

मिरजेचा_जवारीवाला

लाकडाचं कुणी विचारलंच नाही म्हणून मीच सांगतो. आमच्याकडे सतारी-तंबोऱ्याला तून वापरतात, हलकं आणि गुंजणारं. भोपळा पंढरपूरच्या बाजूचा. पण तुमचं वाद्य विजेचं आहे, पोकळ नाही, दोन नेकच्या ताणाला तून मऊ पडेल. सागवान घ्या, जुनं घराच्या तुळईचं मिळालं तर उत्तम, ते पुन्हा हलत नाही. नवीन लाकूड कितीही सुकलेलं सांगितलं तरी पावसाळ्यात फुगतं आणि मग तुमचे ते नऊ-दहा सेंट कुठच्या कुठे. फक्त वजन बघा. दोन नेक, लोखंड, सागवान, स्टँड मजबूत लागेल.

हिल_कंट्रीतला_कोकण्या

आणि बारची खोबण विसरू नका!! ब्राऊनकडून एकच गोष्ट उचलायची असेल तर ती. खोबणीत आतून चामडं किंवा फेल्ट लावा, नाहीतर बार टाकल्याचा खण्ण आवाज पिकअपमधून स्पीकरवर येईल.

सहावी_तार

फेल्टचं लिहून घेतलं. सध्याचा बेत असा: खालचा नेक आठ तारांचा, दहा नको. वरच्या सहा तारांवर ई-नाईनमधल्या ग-सा-प सकट मधला भाग, खालच्या दोन भरणीला. स्केल (तारेची वाजती लांबी) दोन्ही नेकला वेगळी, स्टीलला २४ इंच. दोन तळहात लिव्हर, रोलर नट मी लेथवर पितळेत काढतो. सागवानाचं बघतो, आमच्या गावी एक वाडा पाडायला काढलाय, तुळया कुणी घ्यायच्या आधी चुलत्यांना फोन करतो. मिरजेचे भाऊ, तुळईत जुने खिळे असतील ते रंध्यावर येण्याआधी कसे शोधता तुम्ही?

मिरजेचा_जवारीवाला

लोहचुंबक दोरीला बांधून फिरवायचं, जिथे ओढेल तिथे खडूची खूण. तरी मोडलेला एखादा खोल राहतोच. आधी जुनं पातं लावा, नवं नको. आणि कापण्याआधी तुळईची दोन्ही टोकं एक-एक फूट टाकून द्या, भिंतीत असल्याने तिथे वाळवी आणि ओल धरलेली असते. मधला तुकडाच घ्या.

चहाबिस्किट

चुलत्यांना काय सांगणार, तुळई कशाला हवी?

सहावी_तार

देव्हारा करायचाय म्हणून.